आधी यादी, मग नाणं

ज्या प्राध्यापकांमुळे हा लेख लिहावासा वाटला, त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी माझं लिहिलं नव्हतं. फिट्टंफाट.

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, हजार शब्द द्या. मी तीन हजार मागितले. दोनवर तुटलं. ते म्हणाले, तुमचा धंदा नेमका काय, ते वाचकांना आधी कळू द्या. ही अट मात्र मला मुकाट्यानं मान्य करावी लागली, कारण भंडाऱ्यात माझ्या दुकानासमोरून रोज जाणाऱ्या माणसांनाही तो अजून कळलेला नाही. पाटीवर ‘संगणकीय पडताळणी’ लिहिलं आहे. लोक आत येऊन झेरॉक्स मागतात.

धंदा असा आहे. हल्ली मोठे हिशेब आपण आपल्या संगणकावर करत नाही. कुठल्या तरी शहरात कंपन्यांनी प्रचंड यंत्रं बसवली आहेत, त्यांच्याकडून करून घेतो. उत्तर येतं. ते खरं की खोटं? पुन्हा करून बघावं म्हटलं, तर माझं यंत्र म्हातारं, त्याला वर्षं लागतील. मग मी हिशेब करत नाही, प्रश्न विचारतो. समोरचा उत्तर देतो, त्यातून मी पुढचा प्रश्न काढतो. खरं बोलणारा सगळ्या प्रश्नांतून सुखरूप निघतो. खोटं बोलणाऱ्याला पहिलं खोटं झाकायला दुसरं बोलावं लागतं, दुसरं झाकायला तिसरं, आणि प्रत्येक वेळी त्याची जागा अरुंद होत जाते. शेवटी तो अशा एका ठिकाणी येऊन उभा राहतो, जिथला एवढासा हिशेब माझं म्हातारं यंत्रसुद्धा करू शकतं. तिथे सापडतो. दुबळ्यानं बलवानाला प्रश्नांनी तपासायचं, आणि बलवानालाही खरं सिद्ध करताना फार घाम येऊ नये, ही त्या विद्येची खुबी. इंग्रजीत तिच्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मी ते वाचले आहेत. पण ती मला आधी भेटली पवनीत, आमच्या ओसरीवर.

आमचं घर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं. आई-आजी विणायच्या, बाप सूत विकत घ्यायचा आणि लुगडी विकायचा. पुढे गाठोडं माझ्या खांद्यावर आलं आणि मी गावोगाव हिंडलो. माझी जीभ आणि माझा राग, दोन्हींना धार तिथेच लागली. तर एकदा मांडीवर सूत वळणारी एक म्हातारी दोन लड्या घेऊन आली. म्हणाली, ही माझी, ही यंत्राची, तुमच्या व्यापाऱ्यानं तुम्हाला मिसळून दिली आहे. बापानं दोन्ही उजेडात धरल्या, ओढल्या, दाताखाली घेतल्या. त्याला काही फरक दिसेना. तेव्हा त्यानं लड्या पाठीमागे नेल्या, अदलाबदल केली की नाही ते सांगितलं नाही, आणि एक पुढे करून विचारलं, कोणती? तिनं बोट लावून सांगितलं. असं चार वेळा झालं. चारही वेळा बरोबर. बाप मानणारच होता, तेवढ्यात ती हसून म्हणाली,

“सूत कायले पाहू बाप्पा? बदललं का तुझा कोपर हालते.”

बापाचा चेहरा उतरला. मग त्यानं खिशातून नाणं काढलं, भिंतीआड गेला. छापा पडला तर एक लडी, काटा पडला तर दुसरी, आणि ती टोपलीत झाकून आणायची. आता कोपर नव्हता, चेहरा नव्हता, बापाची हुशारी नव्हती. वीस वेळा विचारलं. वीसही वेळा तिनं बरोबर सांगितलं. बापाला फरक शेवटपर्यंत दिसला नाही, पण फरक आहे याबद्दल त्याच्या मनात तसूभरही शंका उरली नाही. मिसळ देणाऱ्या व्यापाऱ्याचा आमच्याशी संबंध त्या दिवशी संपला.

ग्रंथांत हीच गोष्ट चिन्हांत लिहिलेली असते. मला ती वाचून कळायला अवघड गेली नाही. अवघड गेलं ते एवढंच पचवणं, की तपासणाऱ्याची अक्कल उपयोगाची नसते. मी नामांकित घासाघीस करणारा. मला वाटायचं, नेमका प्रश्न शोधून समोरच्याला पकडायचं. पण शोधलेला प्रश्न समोरचाही शोधू शकतो. नाण्यानं काढलेला प्रश्न कोणालाच आधी माहीत नसतो, मलाही नाही.

संगणक मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकलो, बाकीचं पुस्तकांतून. पदवी नाही. दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाइकं कशी यायची याचा एकच नमुना देतो. एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. संगणकानं छत्तीसपैकी एकतीस गुण जुळवले होते, ते तपासून हवे होते. मी तपासले आणि सांगितलं, बेरीज बरोबर आहे. ते म्हणाले, म्हणजे संसार सुखाचा होईल? मी म्हटलं, तुम्ही जे भरलं त्याचा हिशेब बरोबर झाला, एवढंच मी सांगतो. भरलेलं खरं होतं का आणि त्यावरून संसार होतो का, हे माझ्या दुकानात मिळत नाही. ते रागावले, मी जास्त रागावलो. मुलीचं लग्न झालं, मला बोलावणं नव्हतं.

आता प्राध्यापक. एकोणीस वर्षांपूर्वी नागपुरात एका चर्चासत्राला मी स्वतःच्या खर्चानं गेलो होतो. तोवर माझ्या डोक्यात एक युक्ती बसली होती. ज्या हिशेबात तीच तीच पायरी पुन्हा पुन्हा येते, कापडात ओळीमागून ओळ येते तशी, त्यात उत्तर देणाऱ्या यंत्राचे कष्ट पुष्कळ कमी करता येतात. आधी पुरावा देणं मूळ हिशेबापेक्षा कितीतरी जड जायचं. माझ्या युक्तीनं ते हिशेबाच्याच जवळ यायचं. चहाच्या वेळी मी ती प्राध्यापकांना फळ्यावर मांडून दाखवली. त्यांनी दोनदा मांडायला लावली. मग विचारलं, कुठल्या संस्थेत असता? मी म्हटलं, कोशाचा धंदा होता. ते हसले आणि म्हणाले, “अस्सं.” मला त्या ‘अस्सं’चा राग आला. मी फळा पुसला आणि ताडताड निघून गेलो.

वर्षभरानं त्यांचा निबंध आला. युक्ती माझीच होती, एकेक पायरी. शेवटी बारीक अक्षरांत आभार होते: ‘उपयुक्त चर्चेबद्दल भंडाऱ्यातील एका व्यापाऱ्याचे.’

त्यांचा दोष मोठा, पण माझाही लहान नाही. उभ्या आयुष्यात मी सौदा लिहून घेतल्याशिवाय माल दाखवला नाही आणि जन्माचा माल फळ्यावर टाकून आलो. शिवाय रागाच्या भरात तो पुसलाही मीच.

आता करडी गावाची गोष्ट. मोहाडी तालुक्यात करडीच्या बाजूला तलावाच्या पाण्यावर धान होतो. कालव्याच्या तोंडाजवळच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांना, पाणी आपोआप मिळतं. टोकाच्या शेतांना, ज्यांना सगळे टेल म्हणतात, ते मिळेल की नाही हे पाणी सोडण्याच्या पाळीवर अवलंबून असतं. तिथल्या पाणीवापर संस्थेच्या अध्यक्ष अंजनाबाई, त्यांची स्वतःची शेती टेललाच. पाळ्यांचं वेळापत्रक आता एक कंपनी तिच्या यंत्रांवर काढून देणार होती. तलाव, कालवे, फाटे, झिरपा, उतार, सगळं धरून पंधरा दिवसांचं पाणी तासातासानं पुढे चालवून बघायचं आणि शेवटी यादी द्यायची: अमुक बांधीत किती बोटं पाणी उभं राहील. गेल्या हंगामात हे पहिल्यांदा होणार होतं. यादी आली. टेलच्या प्रत्येक बांधीपुढे चार बोटं लिहिलेली होती. अंजनाबाई ती घेऊन माझ्या दुकानात आल्या.

“भाऊ, कागदावर पानी हाये. पन मी तिसेक वर्सं तो कालवा पाहून राहिली. ह्या पाळीनं आमच्याकडे पानी येत नाही. माहा जीव नाही मानत.”

धान पोटरीवर होता, लोंबी अजून आतच. याच पंधरा दिवसांत पाणी चुकलं तर लोंब्या बाहेर येतात, पण पोचट. तीस-पस्तीस घरांचं वर्ष त्या यादीत होतं, आणि वेळापत्रकावर सही करायला चार दिवस उरले होते.

मी म्हटलं, कंपनीला प्रश्न विचारू. कंपनीनं कळवलं, त्याची गरज नाही, पुरावा यादीसोबतच एका फाइलमध्ये जोडला आहे. आमचं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा, ते ‘बरोबर’ म्हणेल. चालवलं. हिरव्या अक्षरांत ‘पडताळणी पूर्ण: बरोबर’ आलं. मी आतली पुस्तिका उघडली. पद्धत माझीच होती. सल्लागार म्हणून त्याच प्राध्यापकांचं नाव होतं. त्या दिवशी मी दुकानातली एक खुर्ची मोडली, ती अजून तशीच आहे.

डोकं शांत झाल्यावर पुस्तिका नीट वाचली. माझ्या पद्धतीत तपासणारा समोर बसून नाणं टाकतो. यांनी नाणं काढून टाकलं होतं. प्रश्न कोणी विचारायचेच नाहीत. पुरावा देणाऱ्यानं ते एका सूत्रानं स्वतःच काढायचे, स्वतःच उत्तरं द्यायची आणि सगळं बांधून पाठवायचं. हे मुळात वावगं नाही, जाणकार लोक असं करतात. पण सूत्रात सगळं घोटावं लागतं, सगळ्यात आधी तुमचा दावा. यांच्या सूत्रात बाकीची उत्तरं होती, यादी मात्र नव्हती.

याचा अर्थ काय, ते सांगतो. पहिला प्रश्न असा असतो: यादीतल्या प्रत्येक बांधीला एक वजन लावा, गुणा आणि एकूण बेरीज सांगा. पुढचे सगळे प्रश्न त्या एका बेरजेबद्दल असतात. वजनं यादी दिल्यानंतर ठरली, तर यादीत एक आकडा जरी खोटा असला तरी बेरीज बिघडते आणि पुढे चोर सापडतो. पण वजनं आधीच माहीत असली, तर मी यादीत हवं ते बदलीन आणि एका बांधीचा आकडा असा लावीन की बेरीज होती तेवढीच राहील. तराजूत दगड ठेवण्यासारखं आहे. यादी सूत्रात नसल्यानं यांची वजनं आधीच उघडी होत होती आणि यादी नंतर जोडता येत होती.

मी प्राध्यापकांना ईमेलनं पत्र पाठवलं. सभ्य भाषेत लिहिलं, चार कागद फाडल्यावर. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: असा धोका केवळ तत्त्वतः संभवतो, प्रत्यक्षात कोणी करू शकेल असे वाटत नाही.

मी एका दुपारी केलं. मध्ये दोनदा लाइट गेली, नाहीतर अर्ध्या दुपारी झालं असतं. कंपनीचा पुरावा मी जसाच्या तसा ठेवला, एक अक्षर हलवलं नाही. फक्त यादी बदलली. करडीच्या सगळ्या बांध्या कोरड्या केल्या, तोंडापासून टेलपर्यंत शून्य. तलावामागच्या टेकडीवर मारोतीच्या देवळाजवळ एक खडकाळ तुकडा आहे, त्यालाही नकाशात क्रमांक आहे. त्याचा आकडा मोकळा ठेवला आणि बेरीज जुळवायला जो आला तो भरला. तो इतका मोठा आला की टेकडीवर आभाळाच्याही वर पाणी उभं राहिलं. मग ही यादी त्यांच्याच सॉफ्टवेअरला दिली.

‘पडताळणी पूर्ण: बरोबर.’

ती फाइल मी कंपनीला आणि प्राध्यापकांना पाठवली. पाठवणाऱ्याचं नाव लिहायच्या जागी लिहिलं: ‘भंडाऱ्यातील एक व्यापारी.’

सहीच्या दिवशी सकाळी करडीच्या संस्थेच्या खोलीत कंपनीचा एक अधिकारी आला आणि त्याच्या मागोमाग काठी टेकत प्राध्यापक आले. केस सगळे पांढरे झाले होते. खोलीत टेलचे सगळे शेतकरी दाटीनं बसले होते. अधिकाऱ्यानं सुरुवातीलाच मान्य केलं की सूत्रात त्रुटी राहिली, पण म्हणून आमची यादी खोटी आहे असं होत नाही. हे त्याचं बरोबर होतं. कुलूप मोडकं निघालं म्हणजे चोरी झाली असं नाही, हे मीही मोठ्यानं मान्य केलं. मग म्हटलं, तर आता माझ्या पद्धतीनं विचारू द्या. तो म्हणाला, वेळ लागेल. मी म्हटलं, तासभर. तो म्हणाला, आमच्या यंत्रांवर भार पडेल. मी म्हटलं, पडणार नाही, त्याचीच तर युक्ती आहे. विचारा तुमच्या सल्लागारांना. तो प्राध्यापकांकडे वळला. प्राध्यापक काठीकडे बघत म्हणाले, “भार पडणार नाही. खरं आहे ते.”

अट मी एकच घातली. आधी यादी छापून, सही करून टेबलावर ठेवायची, मग नाणं टाकायचं. आणि नाणं मी टाकणार नव्हतो. अंजनाबाईंनी टाकायचं.

अंजनाबाईंनी खोलीतली पितळी परात घेतली. साठ वेळा नाणं टाकायचं होतं, छाप्याला एक, काट्याला शून्य, त्यातून एक मोठा आकडा आणि त्या आकड्यापासून सगळी वजनं. परातीत नाणं वाजायचं आणि एक म्हातारा शेतकरी मोठ्यानं ओरडून सांगायचा. पंधराव्यांदा नाणं घरंगळत कपाटाखाली गेलं. अधिकारी म्हणाला, जाऊ द्या, काटा धरा. अंजनाबाई त्याच्याकडे वळल्या.

“तू काहून धरून राहिला? हा काटा तुह्या मनातला हाये. माह्या परातीतला पायजे.”

ग्रंथकारांनी अख्खं प्रकरण खर्च करून जे सांगितलं, ते बाईंनी तीन वाक्यांत सांगितलं. नाणं काढलं, पुन्हा टाकलं. पुढचे प्रश्न काढायला माझ्याकडे पासे टाकणारं छोटं यंत्र होतं, ते संगणकाला जोडलं. कंपनीच्या यंत्राकडून उत्तरं येऊ लागली. पहिली बेरीज आली. त्यावरचा पहिला प्रश्न विचारला. उत्तर आलं. माझ्या यंत्रानं दोन आकडे ताडून पाहिले आणि तांबडी अक्षरं उमटली: ‘जुळत नाही.’

मी पुन्हा विचारू का म्हटलं. अंजनाबाईंनी परत साठ वेळा परात वाजवली. पुन्हा तांबडं.

अधिकारी फोन घेऊन बाहेर गेला, बराच वेळ बाहेर होता. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. शेवटच्या दोन फाट्यांचा हिशेब पूर्ण चालवलाच नव्हता. यंत्राचा वेळ वाचवायला तिथे वरच्या फाट्यांची सरासरी चिकटवली होती, आणि सूत्रातल्या त्याच फटीतून ती यादी हिरवी होऊन निघाली होती. टेलची चार बोटं म्हणजे दुसऱ्याच्या बांधीतली बोटं होती.

हिशेब पूर्ण चालवायला त्यांना दुपारपर्यंत वेळ लागला. नवी यादी आली: जुन्या पाळीनं टेलला एक बोटही नाही. मग पाळ्या बदलल्या, टेलची पाळी आधी घेतली, पुन्हा हिशेब, पुन्हा यादी, पुन्हा परात. या खेपेला सगळ्या प्रश्नांतून यादी सुखरूप निघाली. हिरवी अक्षरं आली तेव्हा मी खोलीतला एकटाच टाळ्या वाजवणारा होतो. बाकीचे सगळे फाटा उघडायला निघून गेले होते.

सहाव्या दिवशी मी मुद्दाम गेलो. अंजनाबाईंच्या बांधीत पाणी होतं. त्यांनी हात बुडवून मोजून दाखवलं, साडेतीन बोटं. यादीत चार होती. मी तिथेच भांडायला सुरुवात करणार होतो.

“राहू द्या न भाऊ,” त्या म्हणाल्या. “अर्धं बोट खेकड्यानं पेलं.”

हंगामाला लोंब्या भरल्या. त्या धानाचे तांदूळ आमच्या घरी आले, नको नको म्हणताना.

सहीच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. खोली रिकामी झाल्यावर प्राध्यापक माझ्याजवळ आले. म्हणाले, “तुमचं नाव तेव्हा राहून गेलं.”

एकोणीस वर्षांत या वाक्याला द्यायची उत्तरं मी शेकड्यानं तयार ठेवली होती, काही तर न छापण्यासारखी. ती तशीच राहू दिली. मी यादीचा कागद मागची कोरी बाजू वर करून त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, “आधी लिहून द्या.”

त्यांनी पेन काढलं. लिहिलं: ‘ही युक्ती आम्हा दोघांच्या चर्चेतून निघाली.’ मी कागद परत सरकवला. त्यांनी ‘मुख्यतः यांची’ असं घातलं. मी परत सरकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सगळं खोडलं आणि खाली लिहिलं: ‘ही युक्ती यांची.’ माझं पूर्ण नाव विचारलं, बापाच्या नावासकट लिहिलं, सही केली. घासाघीस संपली.

अंजनाबाई परात ठेवायला परत आल्या होत्या. त्यांनी कागद वाचला आणि नाणं पुढे केलं. “लिहून त झालं. आता टाका न, खरं का खोटं ते पाहाले.”

“कायले?” मी म्हटलं. “मले त माहीतच हाये.”

कागद दुकानात काचेत लावला आहे, मोडक्या खुर्चीच्या बरोबर वर. झेरॉक्स मागायला येणाऱ्यांपैकी एखादा तो वाचतो आणि विचारतो, हे काय आहे. तेव्हा मी शटर अर्धं ओढतो, त्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवतो आणि म्हणतो, आधी दोन लड्यांची गोष्ट ऐका.